मालनचं बोट आणि मी मांजऱ्या

मी एक जुना मांजऱ्या साप आहे, मित्रांनो. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बरणीत वेटोळं करून असतो. मी विषारी आहे का? हो. म्हणजे, नाही. अहो, काय सांगू! माझे विषाचे दात जबड्यात अगदी मागे. पालीला त्यांनी गुंगी येते. माणसाला सूज येते, दुखतं, दोन-चार दिवसांत उतरतं. मास्तर मला निमविषारी म्हणतात. धड हा नाही, धड तो नाही. माझं मलाच कळत नाही.

माझा जन्म देवगडकडचा. पाली खाव्यात, दिवसा झोपावं, बरं चाललं होतं. एकदा पेंढ्यात झोपलो, आणि कोणीतरी तो पेंढा आंब्यांसकट पेटीत भरला. पेटी मुंबईच्या बोटीवर चढली, बोट हलली, मला मळमळलं, आणि झाकण उघडलं ते लालबागच्या चाळीत. एकोणीसशे साठ सालचा मे महिन्याचा पहिला दिवस. खाली ढोल, गुलाल, "संयुक्त महाराष्ट्र झाला!" असा गजर. सापाला कान नसतात म्हणे; मग मी हे कसं ऐकलं, ते विचारू नका.

तेवढ्यात पेंढ्यात एक हात आला, आंबे चाचपत. हात मालनचा. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तुटल्या धाग्याला चुटकीसरशी गाठ मारायची. मी घाबरलो आणि तिच्या बोटाला चावलो.

तिचे सासरे धोंडू धावत आले. माझ्या पाठीवरची नक्षी बघून पांढरेफटक पडले. "फुरसां! गावची पेटी, गावचांच फुरसां!"

फुरसं म्हणजे जहाल विषारी, आणि नक्षी थोडी माझ्यासारखीच. त्यांचा सख्खा भाऊ फुरसं चावून गेला होता, वैद्याची वाट बघत. तेव्हापासून त्यांनी एकच इलाज मनात धरलेला, चावलेलं बोट लगेच उडवायचं. चाळकऱ्यांनी नुसती भुई धोपटली नाही, मलाही धोपटलं. धोंडूंनी विळी उचलली.

"मामंजी, बोट नको! गाठ कशी मारू मी?"

"बोट व्हया की जीव, पोरी?" म्हातारा रडत होता.

शेजारचा आनंदा ओरडला, "दादा, थांबा! हॉस्पिटल जवळ आहे!"

"ह्या गर्दीत? मुंगी शिराक जागा नाय!"

मला सांगायचं होतं, अहो, मी फुरसं नाही! पण मी अर्धमेला. बोट गेलं.

मग आनंदाने मालनला उचललं, मला डब्यात घातलं. "साप चावलाय!" म्हटल्यावर त्या गर्दीने लगेच वाट करून दिली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मला उलटंसुलटं पाहिलं आणि हळूच मालनला म्हणाल्या, "हा मांजऱ्या. नुसती सूज आली असती गं."

मालनने दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर सासरे डोकं धरून बसले होते.

"बाई, मामंजींना सांगू नका," ती म्हणाली. "त्यांनी मला वाचवलं, असंच राहू दे."

मी काही वाचलो नाही; हॉस्पिटलातून या बरणीत आलो. पण लालबागेत मी फुरसंच राहिलो. रागवावं, की लाजावं? चावलो मी, बोट घेतलं मायेने. दोष कोणाचा, हे मला अजून उमगत नाही. पण एवढं कळतं, मित्रांनो. साप चावला तर तो कोण, हे ओळखत बसू नका. कापू नका, करकचून बांधू नका. तुमच्या घरचं कोणी रडत रडत विळी घेऊन धावलं, तर त्यांचा हात घट्ट धरा आणि त्यांनाही सोबत घेऊन हॉस्पिटलात पळा.