निळे मुखपृष्ठ, राखी पाने

म्हातारपणी माणसांचे केस पांढरे होतात आणि आम्हा पुस्तकांच्या कडा पिवळ्या पडतात. माझ्या कडा तर आता भाजलेल्या पावासारख्या झाल्या आहेत. मित्रांनो, मी एक जुने कॉमिक आहे. 'रातबगळा', अंक सातवा. माझ्या पोटात एका वीराची गोष्ट आहे. दिवसभर तो एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवतो आणि अंधार पडला की पाठीवर केप बांधून धान्याच्या कोठारांच्या छपरावर पहारा देत बसतो. चोर सापडला की मारण्याआधी तो त्याला विचारतो, "जेवलास का?" या एका प्रश्नामुळे मुले त्याच्यावर जीव टाकत.

माझा जन्म दोन यंत्रांवर झाला. आतली पाने वर्तमानपत्राच्या हलक्या कागदावर छापली गेली आणि मुखपृष्ठ दुसरीकडे, गुळगुळीत कागदावर. मुखपृष्ठ छापणाऱ्याचा हात निळ्या शाईवर सढळ होता. त्याने केप गर्द निळी करून टाकली. आतल्या यंत्रावर तीच केप राखी उतरली. त्या दोन कारागिरांची कधी गाठ पडली नसावी. मग तारेच्या दोन पिना मारून आम्हाला एकत्र बांधले आणि अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या एका औषधांच्या दुकानात, फिरत्या जाळीवर टांगले.

तिथून मला ऑरव्हिल हुडॅकने नेले. तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. घरी पोहोचेपर्यंतही त्याला धीर धरवला नाही. चर्चच्या पायरीवर बसून त्याने मला वाचून संपवले आणि लगेच पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. ते माझे सुखाचे दिवस होते. मी त्याच्या दप्तरात हिंडलो, उशीखाली झोपलो. त्याच्या आईने परतलेल्या कोबीचा वास अजून माझ्या शेवटच्या पानाला आहे.

पुढे ऑरव्हिल मोठा झाला, काचेच्या कारखान्यात लागला, डेल्फीनशी त्याचे लग्न झाले. त्याच्याकडे माझ्यासारखी पुष्कळ भावंडे जमली. आम्हाला पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तळघरातल्या खोक्यांत उभे केले गेले. वाचणे मागे पडले आणि जपणे सुरू झाले. घराला आग लागली तर आधी कुणाला बाहेर काढशील, असे डेल्फीनने एकदा त्याला हसत विचारले होते. उत्तर द्यायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला. ही गोष्ट ती अजून पाहुण्यांना सांगते.

त्यांना एक मुलगी झाली, कोरिन. तिला तळघरात जायची मनाई होती. पण बाप कामावर गेला की ती हळूच जिना उतरे. फ्रॉकला हात पुसे, मला पिशवीतून काढे आणि जमिनीवर पालथी पडून वाचे. मित्रांनो, खरे सांगतो, तिच्याइतक्या निगुतीने मला कुणीच हाताळले नाही. ती गोष्टीपेक्षा चित्रेच जास्त पाही. केपची किनार खाली विरलेली दाखवली आहे, तिथून बोट फिरवी.

एके दिवशी पिशवीची चिकटपट्टी उलट्या बाजूने लावलेली ऑरव्हिलला दिसली. तो काय समजायचे ते समजला. मुलीला एका शब्दाने बोलला नाही. कारखान्यातून चांगली जाड काच आणून त्याने माझ्यासाठी एक पेटी केली, चारी कडा काच बसवायच्या लुकणाने बंद केल्या आणि मला जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर टांगले. त्या संध्याकाळी कोरिनने भिंतीकडे पाहिले आणि मान खाली घालून जेवली. बोलणे झाले असते तर बरे झाले असते. तेव्हापासून बापलेकीत जी काच आली ती कोरिन मोठी झाल्यावरही हटली नाही. ती शिकायला लांब लॉस एंजेलिसला गेली आणि तिथेच सिनेमांचे कपडे शिवण्याच्या कामात रमली. फोन आला की पलीकडून आईशी तासभर बोले, बापाला हवापाणी विचारी.

आत मी होतो. कुणी पान उलटत नव्हते. येणारेजाणारे मुखपृष्ठाचे कौतुक करीत. "काय निळा आहे!" म्हणत. ऑरव्हिलही रोज तोच निळा रंग पाहत असे.

मग रातबगळ्यावर सिनेमा निघाला. मर्ल नावाच्या बाईच्या कॉमिकच्या दुकानात दर शनिवारी दुपारी ऑरव्हिलचा अड्डा जमे. वाद जिंकायचा असला की तो मला टॉवेलात गुंडाळून बरोबर नेई. एका शनिवारी दुकानाच्या काचेवर सिनेमाचे चित्र लागले होते आणि त्यात केप राखी होती.

"ही केप आहे की भांडी पुसायचं फडकं?" ऑरव्हिल म्हणाला.

"ऑर्व्ही, बघून तरी नावं ठेव," मर्ल म्हणाली.

"शितावरनं भात कळतो. ज्यांना रंग धड उचलता येत नाही, ते माणूस काय उचलणार?" असे म्हणून त्याने टॉवेल काढला आणि सगळ्यांना माझे मुखपृष्ठ दाखवले.

सिनेमामुळे नवी पोरे दुकानात येऊन जुने अंक मागतात हे तरी चांगलेच की, असे मर्लचे म्हणणे पडले. ऑरव्हिलला तेही पटेना. ती पोरे वाचायला थोडीच नेतात, तो म्हणाला, नेऊन प्लास्टिकमध्ये कोंडून ठेवतात. सगळे माझ्या पेटीकडे पाहत राहिले. ऑरव्हिलने मला पुन्हा टॉवेलात गुंडाळले.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला, म्हणजे टर्कीच्या सणाला, कोरिन घरी आली. बऱ्याच वर्षांनी आली होती. दुपारी तिघे जेवायला बसले आणि ऑरव्हिलने पुन्हा केपचा विषय काढला. असली केप शिवणाऱ्याच्या हातात सुई कुणी दिली, असे तो म्हणाला तेव्हा डेल्फीनने काटा ताटात ठेवला.

"सांग गं त्याला," ती म्हणाली.

कोरिनने हात पुसले. "बाबा, ती मी शिवलीय."

ऑरव्हिलचे कान लाल झाले. पण हटवादी माणूस तो. म्हणाला, "मग तुला रंग चुकीचा सांगितला कुणीतरी."

"कुणी नाही सांगितला. मीच भांडून तो ठरवून घेतला. सिनेमावाल्यांना निळीच हवी होती. आत ती राखी आहे, बाबा. आणि खाली किनार विरलीय."

"तुला काय माहीत आत काय आहे?"

"वाचलंय मी. तळघरात. तुलाही ठाऊक आहे ते."

त्याने माझ्याकडे बोट केले. "निळी आहे. समोर दिसतेय."

"ते मुखपृष्ठ आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! आयुष्यभर माझ्या पोटात हजार शब्द होते, पण त्यातला एकही मला उच्चारता येत नव्हता. माझ्या मालकाने माझीच शपथ घेऊन चुकीचे सांगितले होते आणि माझ्यावर सगळ्यात जास्त माया करणारी मुलगी खोटी ठरत होती.

ऑरव्हिल उठला. त्याने मला भिंतीवरून उतरवले, जेवणाची ताटे सरकवली आणि जाड पात्याची सुरी घेऊन लुकण खरवडू लागला. तो जन्मभर काचेत वावरलेला, पण त्या दिवशी त्याने सुरी नको तितकी जोरात दाबली. काच मधोमध तडकली. तिच्या ओढीने माझ्या मुखपृष्ठाचा एक कोपरा फाटला. डेल्फीन हळहळली. तो थांबला नाही.

मग इतक्या वर्षांनी माझ्या पानांना वारा लागला.

पहिल्या पानावर केप राखी होती. दुसऱ्यावरही. त्याने सगळी पाने उलटली, अगदी शेवटपर्यंत. विरलेल्या किनारीपाशी तो बराच वेळ थांबला.

"इतकी वर्षं मी नुसतं मुखपृष्ठच बघत बसलो," तो म्हणाला. मग थोडे अडखळत, "मागितलं असतंस तर वाचायला दिलं असतं मी."

"नसतं दिलंस."

त्याने तिच्याकडे पाहिले. "नसतं दिलं," तो म्हणाला.

नंतर त्याने विचारले, की कोऱ्या कापडाची किनार अशी जुनी कशी करतात? कोरिन सांगू लागली. कापड तारेच्या ब्रशाने घासायचे, कॉफीत बुडवायचे, वाळवायचे, पुन्हा घासायचे. घाई केली तर फाटते. तो कोपरे टेबलावर टेकून ऐकत होता. टर्की गार झाली तरी कुणाला भान नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिघेही सिनेमाला गेले. मी टेबलावर उघडा पडून वाट पाहत होतो. परतले ते भांडतच. रातबगळ्याने एकाही चोराला "जेवलास का?" विचारले नाही, यावरून ऑरव्हिल खवळला होता. कोरिनचेही तेच मत होते. तो प्रसंग घेतला होता, पण मागाहून कापला, असे तिने सांगितले. मग म्हणाली, "बाबा, एकाचा कोट दुसऱ्याच्या अंगाला बसवायचा तर उसवावाच लागतो. पण कापड फेकायचं नसतं. त्यांनी थोडं फेकलं."

"केप नाही फेकली," ऑरव्हिल म्हणाला. या दोन गोष्टींवर दोघांचे एकमत झाले. बाकी सगळ्यावर ते रात्रीच्या जेवणापर्यंत भांडत राहिले. त्या घरात एवढे बोलणे मी पूर्वी कधी ऐकले नव्हते.

निघताना त्याने मला कोरिनच्या सामानात ठेवले. तिने नको नको म्हटले, पण त्याने ऐकले नाही. फाटक्या कोपऱ्यामुळे माझा आता काही भाव उरला नाही, असे मर्लने त्याला सांगितले होते म्हणे. त्यावर तो फक्त हसला.

हल्ली मी शिवणयंत्रांच्या खडखडाटात राहतो. जेवणाच्या सुट्टीत कोरिनच्या हाताखालच्या बायका हात धुऊन मला घेतात. कुणी मोठ्याने वाचते, कुणी चित्रांवरून बोट फिरवते. वरची पीन सुटली आहे. मधले पान निसटते. मी आणखी फार टिकणार नाही हे मला कळते आणि त्याचे मला थोडे वाईटही वाटते. कारण बंद काचेत मी अजून पुष्कळ जगलो असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याला जपा. ओल लागू देऊ नका, कोपरा दुमडू नका, खाताना हाती घेऊ नका. पण अधूनमधून उघडा. आम्ही आत काय आहोत ते विसरू नका आणि विसरलात तर निदान आमच्या नावाने शपथा घेऊ नका.

काल ऑरव्हिलचा फोन आला होता. आताशा तो आधी मुलीला मागतो. किती पाने सुटली, असे त्याने विचारले. कोरिनने सांगितले. मग तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात येतो मी. आठवा अंक घेऊन येतो. पिशवी काढलीय त्याची."