अडकलेल्या टोप्या आणि मी टोचणी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी टोचणी आहे. बोथट मात्र नाही. आमच्या घरचा धाकटा क्लॅरी काय वाटेल ते म्हणो, बोथट मी कधीच नव्हते.

क्वीन्सलंडमधल्या हॅथर्लींच्या मेंढवाड्यावर माझा जन्म झाला. लोकर कातरायच्या यंत्राचा एक दांडा मोडला, तो मालकाने, म्हाताऱ्या हॉरेसने, फेकला नाही. भट्टीत लाल केला, ठोकला, कानशीने घासला आणि मला काडीहून बारीक, सपाट नाक काढून दिलं.

बंदुकीचं काडतूस उडालं की मागे पितळेची पुंगळी उरते. तिच्या बुडात ठिणगी पाडणारी चिमुकली टोपी बसवलेली असते. एकदा उडाली की ती टोपी मेली. ती काढल्याशिवाय पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मी पुंगळीच्या तोंडातून आत शिरते, बुडाच्या छिद्रात नाक घालते आणि वरून टोला बसला की मेलेल्या टोपीला बाहेर ढकलते. न उडालेल्या टोपीवर हॉरेसने मला कधी टेकवलंसुद्धा नाही.

काय दिवस होते ते! शनिवारी नेमबाजी आटोपली की आसपासचे मेंढीवाले हॉरेसच्या ओसरीवर चहाला जमायचे. टोप्या काकवीच्या रिकाम्या डब्यात टणटण पडायच्या.

"हॉरेस, तुझी टोचणी म्हणजे दाताचा डॉक्टरच रे!"

"छे! डॉक्टर आधी रडवतो," हॉरेस म्हणायचा.

मग हॉरेस गेला. मेंढ्या आल्या त्याची मुलगी थेल्मा आणि धाकटा मुलगा क्लॅरी यांच्याकडे. क्लॅरीची एक खोड होती. पावसात शिकार करून आला की ओल्या पुंगळ्या खिशातून काढून तशाच डब्यात टाकायचा आणि वर झाकण घट्ट लावायचा. पितळ कळकलं. हिरव्या कळंकाने टोप्या पुंगळ्यांना अशा धरून बसल्या की विचारू नका. मी मात्र खणात पडून होते. कुणाला माझी आठवणच नव्हती.

त्या वर्षी कोकरं जन्मायच्या दिवसांतच नदीला पूर आला. रस्ता तुटला, कुंपणही वाहून गेलं आणि त्या भगदाडातून एक रानकुत्रा आत आला. रोज सकाळी फाडलेली कोकरं सापडू लागली. घरात एकही भरलेलं काडतूस नव्हतं. दारू, गोळ्या, नव्या टोप्या सगळं कपाटात होतं, पण पुंगळ्या होत्या त्या फक्त क्लॅरीच्या डब्यात.

तेव्हा मला खणातून काढलं. क्लॅरीने हातोडी घेतली ती कुंपणाचे खांब ठोकायची! पहिल्याच टोल्याला मी टोपीच्या आरपार गेले. टोपीचं बूड उडालं आणि कडं पुंगळीतच अडकून राहिलं. दुसरी पुंगळी लष्करी होती. क्लॅरीने आत न बघताच टोला हाणला आणि माझं नाक वाकलं.

"गेली बाबांची टोचणी कामातून," तो म्हणाला आणि त्याने मला भंगाराच्या बादलीत फेकलं.

थेल्माने ती पुंगळी उचलली. "आत बघितलंस का रे?"

"पुंगळीत काय बघायचं? अंधार?"

तिने बॅटरीचा उजेड टाकला. "मध्ये छिद्रच नाही. बारीक दोन आहेत, बाजूबाजूला. भिंतीवर आपटलंस तिला, काकाकुव्या! तुझं नाक आपटून बघू का?"

"मग आण नवी टोचणी शहरातून."

"तू जातोस पोहत?"

तिने मला बादलीतून काढलं. मनात म्हटलं, बाई, मी अजून संपलेली नाही. तिने माझं नाक चिमट्याने सरळ केलं, धार लावायच्या दगडावर तेल सोडून घासलं. लष्करी पुंगळ्या बाजूला ठेवल्या. बाकीच्यांच्या बुडाशी पातळ तेल सोडलं आणि मटणाचा रस्सा शिजेपर्यंत त्यांना हात लावू दिला नाही. मग भोक पाडलेल्या लोखंडी ठोकळ्यावर पुंगळी उभी धरली आणि छोट्या हातोडीने हलके टोले घातले. टोला मारायचा, पुंगळी जराशी फिरवायची, पुन्हा टोला.

कळंक म्हणाला, नाही सोडणार. मी म्हटलं, बघतेच. टोपी तसूभर हलली. मग आणखी. आणि टण्!

"मी ठोकलं तेव्हा का नाही निघाली?" क्लॅरी कुरकुरला.

"तू ठोकत नव्हतास. भांडत होतास."

कळंकाने खाल्लेल्या, चिरलेल्या पुंगळ्या मोकळ्या होऊनही तिने फेकल्या. ज्या चांगल्या निघाल्या त्या धुतल्या, वाळवल्या, भरल्या. पहाटे बंदूक घेऊन ती भगदाडापाशी जाऊन बसली. क्लॅरी चुलीवर पाणी ठेवून दाराशी उभा. गोळीचा आवाज आला. बऱ्याच वेळाने चिखलाने माखलेली थेल्मा आली.

"गेला?"

"गेला. चहा टाक."

दुसऱ्या सकाळी कोकरं आयांना ढुशा देत पीत होती, सगळी.

मित्रांनो, आता तयार काडतुसं मिळतात आणि मी खिडकीत पडून असते. येणारे-जाणारे म्हणतात, हा गंजका खिळा कशाला ठेवलाय? खुशाल म्हणा. पण ओलं पितळ कोंडून ठेवाल तर कळंक चढणारच आणि ते तुम्हालाच निस्तरावं लागेल. तेव्हा मला हाक माराल. मी येईन. फक्त हातोडी उचलण्याआधी एकदा आत उजेड टाकून बघा. पुन्हा भिंतीवर आपटून घ्यायला मी तयार नाही.