पांढऱ्याचे लाड

रंध्याचं पातं घ्यायचं, एवढीच काय ती गोष्ट! पण थोरलीच्या जिवाला सकाळपासून चैन नव्हतं. दुकानदाराने दोन जपानी पाती वापरून बघायला दिली होती. एक पांढऱ्या कागदाच्या पोलादाचं, दुसरं निळ्या कागदाच्या. संध्याकाळी त्यातलं एक परत करायचं होतं.

"निळं निळं म्हणता, आणि हे तर तुझ्या बापाच्या मिशीसारखं करडं!" आई म्हणाली.

"अगं, निळा तो कागद. कुठलं पोलाद ते ओळखू यावं म्हणून कारखान्यात लावतात."

पांढऱ्याने काल कमाल केली होती. दगडावर जरा घासलं की अशी धार, की रंधलेल्या फळीवरून फिरवलेला हात घसरावा. पण दुपारीच बोथटलं. निळ्याला धार लावताना बाबांचा घाम निघाला, पण आज ते गाढवासारखं राबत होतं आणि बोथटायचं नाव घेत नव्हतं.

आणि तिथेच घोडं अडलं होतं. खांदा निकामी झाल्यापासून बाबांना रंधा ढकलता येत नव्हता. सगळं वर्कशॉप थोरलीच्या गळ्यात पडलं, बाबांकडे उरलं फक्त धार लावणं. आज तेही नव्हतं. धारेचा दगड सकाळपासून पाण्यात भिजत पडला होता. बाबा उठत, दारापर्यंत जात, परत येऊन बसत.

"आण की गं. बोथटलं असेल."

"नाही हो बाबा, चालतंय अजून."

की पुन्हा येरझाऱ्या. थोरलीचा जीव तिळतिळ तुटत होता. हे निळं पातं ठेवलं, तर या माणसाने दिवसभर करायचं काय?

संध्याकाळी न राहवून तिने विचारलंच, "बाबा, कुठलं ठेवू?"

बाबांनी धारेवर अंगठा हलकेच आडवा फिरवला. तोंड कडू झालं, पण कामाशी खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "निळं ठेव. पांढऱ्याचे रोज लाड करावे लागतील."

थोरलीने निळं पातं कागदात गुंडाळून दुकानात परत न्यायच्या पिशवीत टाकलं.

"अगं, ते नव्हे! कान फुटले का तुझे?"

"ऐकलं, बाबा. पण लाड करायला तुम्ही आहात ना."

बाबा एकदम खेकसले, "बोथटलं की लगेच आणायचं. उगाच ढकलत बसायचं नाही, सांगून ठेवतो!"

"नाही बसणार."

एरवी दिवेलागणीला पुसून ठेवायचा दगड त्यांनी त्या दिवशी पाण्यातच राहू दिला.