कूस बदलण्याचा आवाज

डॉक्टरीणबाईंनी नादकाटा ठोकला आणि थेट त्याच्या घोट्यावर टेकवला.

"बिघाड कानात आहे हो बाई, पाय धडधाकट आहे."

"ऐकू येतंय का तेवढं सांगा, काका."

येत होतं. घोट्यावरचा नाद उजव्या कानात घुमत होता.

मुलीनेच त्याला इथे ओढून आणलं होतं. आरागिरणीत करवत सुरू झाली की त्याच्या पायाखालची जमीन कलायची. गेल्या आठवड्यात पात्याने हातमोजा नेला. बोटं नशिबाने राहिली. दुसरी गोष्ट तो कुणापाशी बोललाच नसता, पण एकदा मुलीपुढे तोंडातून निसटली. बायको जाऊन वर्ष झालं होतं. तरी दुपारी जेवून आडवा झाला आणि तिच्या बाजूला नजर टाकली, की ती कूस बदलायची. चादर सळसळायची. अगदी जवळ.

बाईंनी स्कॅनवर बोट ठेवलं. "आतल्या कानाला दोन खिडक्या असतात. तुमच्या तोल सांभाळणाऱ्या वरच्या नळीवरचं हाड झिजून तिसरी उघडलीय. तिथून शरीरातले आवाज कानात शिरतात. डोळा फिरवलात तरी तो ऐकू येतो."

"म्हणजे ती... मीच?"

"तुमचाच डोळा, काका."

मुलीचा जीव भांड्यात पडला. त्याला मात्र बायको दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि या वेळी तर रडायचीही सोय नव्हती.

ऑपरेशनला कानापुरतीच भूल दिली. दुर्बीण कानाच्या वाटेनेच आत गेली. तो टक्क जागा होता.

"मूळच्या दोनांतली एक खिडकी लिंपून घट्ट केलीय, म्हणजे तिसरीचा जोर कमी होतो," बाई म्हणाल्या. "आता डोकं न हलवता नुसते डोळे फिरवा. आवाज येत असेल तर अजून एक थर देते."

त्याने नजर वळवली. लांबून, पुसटशी, चादर सळसळली.

"गेला," तो म्हणाला.

घरी परतताना एसटीत मुलगी खुशीत होती. "आता पट्टी निघाली की करवतीवर जाल ना, बाबा?"

"करवत नको. भुसा भरीन गोण्यांत. मालकाशी बोलतो मी."

"अहो, पण आवाज गेलाय ना?"

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याचा हात हातात घेतला.

दुपारी तो पलंगावर आडवा झाला. मन घट्ट करून त्याने तिच्या बाजूला पाहिलं. आवाज आला, पण किती दूरचा! पार पलंगाच्या कडेला जाऊन झोपल्यासारखा.

"पडशील गं," तो पुटपुटला, आणि तिला जागा व्हावी म्हणून भिंतीला चिकटून झोपला.