मुशीचं तेल प्यालेली एमजी

सहदेव परबला राग यायला कारण लागत नसे, पण त्याच्याकडे एक होतं. दोन सीटांचं, उघड्या टपाचं, दिंडोशीच्या वसाहतीत बिल्डिंगच्या मागे ताडपत्रीखाली झाकलेलं.

ही विलायती एमजी मोटार एके काळी पार्ल्यातल्या एका गोऱ्या मिल मॅनेजरची होती. सहदेवचे वडील सीताराम त्या मिलमध्ये कामाला. दुपारच्या पाळीला जाण्याआधी साहेबाच्या बंगल्यावर जाऊन गाडी धुऊन-पुसून ठेवायची, हे त्यांचं वरकड काम. आठ वर्षांचा सहदेव एकदा बरोबर गेला आणि त्याने गाडीच्या दाराला हात लावला. साहेब म्हणाला, "हात काढ." वडिलांनी फडकं घेतलं आणि मुलाच्या बोटांचे ठसे पुसले. यातलं जास्त काय लागलं हे सहदेवला पुढे कधी ठरवता आलं नाही, म्हणून तो दोन्हींवर रागावत राहिला.

साहेब विलायतेला गेला. गाडी या हातातून त्या हातात गेली, आणि शहाऐंशी साली कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे सहदेवला दिसली. नंबर लहानपणापासून पाठ होता. देवाने आपल्या रागाची दखल घेतली, असं त्याला वाटलं आणि त्याने ती घेऊन टाकली.

"लोक फ्रीज आणतात," त्याची बायको विमला म्हणाली.

"बाबांना साहेबाच्या सीटवर बसवून त्या बंगल्यावरून फिरवणार. ज्या गाडीला त्यांनी फडकं मारलं, तिच्यात ते एकदा तरी बसलेच पाहिजेत. पाय चालतायत तोवर."

"त्यांना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

सहदेव अंधेरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्या पगारात विलायती पार्ट बसत नाहीत. कार्ब्युरेटर अँबॅसिडरचा, दिवे फियाटचे, भोंगा रिक्षाचा. सीटवर शेजाऱ्यांच्या सोफ्याचं उरलेलं मेंदी रंगाचं रेक्झिन. प्रत्येक पार्ट बसवताना तो साहेबाला एक शिवी देई. पार्ट पहिल्यांदा कधीच बसत नसल्यामुळे शिव्यांत मात्र काटकसर करता आली नाही.

मग पत्रा काढला तर आतला सांगाडा लाकडाचा, आणि लाकडात वाळवी. गॅरेजवाले हसले. कारखान्यातला फिटर धर्मा, वेसाव्याचा कोळी, तेवढा हसला नाही. "लाकूडच ना? आमचे होडीचे सुतार करतील, यार. टेन्शन नको घेऊ."

सांगाडा झकास होऊन आला. फक्त रिवाजाप्रमाणे सुतारांनी त्याला मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल पोटभर पाजलं होतं.

"होडी तेल प्यायल्याशिवाय पाण्यात उतरत नाय," धर्मा अभिमानाने म्हणाला.

"ही पाण्यात कशाला उतरेल, मेल्या?"

"पाऊस येतो ना? छप्पर कुठंय हिला?"

मुद्दा बरोबर होता, म्हणून सहदेव आणखी भडकला.

वास चौथ्या मजल्यापर्यंत चढला. आरेकडची सगळी मांजरं दिंडोशीत राहायला आली. वसाहतीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश नाकाला रुमाल लावून आले. "परब, ही गाडी आहे की सुकटीचं दुकान? दसऱ्याला जागेवरून हलली नाही, तर भंगारवाल्याला बोलावीन."

"तुमच्या पाण्याच्या टाकीलाही वास येतो. तिच्यासाठी कोणाला बोलावता?"

चंद्रप्रकाशांनी टाकीचा विषय टाळला, दसऱ्याचा नाही.

दसऱ्याच्या सकाळी इंजिन एकदाचं सुरू झालं. झेंडूची माळ चढली, चाकांखाली लिंबं गेली, नारळ फुटला. सहदेवने वडिलांना हाक मारली. सीताराम जिना उतरून आले. हातात बादली आणि फडकं.

सहदेवच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने बादली हिसकावली. "बास झालं पुसणं! आज बसायचं. त्या हरामखोराने तुम्हाला कधी बसू दिलं नाही..."

"कोणी सांगल्यान तुका?"

"म्हणजे?"

"सायेब आंघोळीक गेलो की मी रोज बसय. पार जुहूपर्यंत जाऊन येय. पेट्रोल कमी दिसलां की सायेब मडमेवर आरडय."

धर्मा खो-खो हसला. सहदेवची कानशिलं तापली. "मग माझी बोटं का पुसलीत? एक शब्द नाही बोललात त्याला!"

"मगे काय करू? तुझे ठसे दिसले असते, तर सायेब माझेय शोधूक लागलो असतो." सीतारामांनी वाकून गाडीत नाक घातलं. "आणि तेव्हा हिका अशी घाण नाय होती."

एवढं बोलून ते स्टिअरिंगमागे बसले, आरसा आपल्या मापाचा करून घेतला आणि मुलाला शेजारच्या सीटवर यायची खूण केली. सहदेव दात आवळून बसला. लिंबं चिरडली, गाडी फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली.

"उतर. धक्को मार."

सहदेव उतरला. गॅलरीतून अख्खी वसाहत बघत होती. त्याने दाराला हात लावून जोर केला, तसा रिक्षाचा भोंगा वाजला.

"हात काढ थंयसून! मागून ढकल. ठसे उठतत."

सहदेव मागे गेला आणि आयुष्यभराचा राग खांद्यात आणून ढकलू लागला. साहेब, चंद्रप्रकाश, वाळवी, मुशी, बाप. इंजिन खोकलं, पेटलं. सीतारामांनी गिअर टाकला आणि मागे वळूनसुद्धा न बघता गाडी आरेच्या रस्त्याला लावली. मागोमाग मांजरं धावली.

"बसले ना? झालं तर मग," विमला म्हणाली.

"येऊ देत परत," सहदेव म्हणाला. बादलीला त्याने अशी लाथ मारली की ती चंद्रप्रकाशांच्या पायांपर्यंत गेली. हाताला मुशीचा वास येत होता. पुसायला फडकं शोधलं, तर ते बाबा बरोबर घेऊन गेले होते.