आजीचा पश्चात्ताप

“फादर, जे वाटत नाही ते वाटतं असं कसं म्हणू?”

आजीचं पापनिवेदन चाललं होतं आणि ते अख्ख्या मजल्याला ऐकू जात होतं. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून ती मोठ्यानं बोलायची. बिचारे फादरही तिच्या कानाशी ओरडत होते. मी दाराबाहेर उभी होते. हे ऐकू नये हे मला ठाऊक होतं, पण कान काही मिटता येत नाहीत. सकाळीच डॉक्टर सांगून गेले होते, आता एखाद-दोन दिवसांचाच प्रश्न आहे.

त्रेचाळीस वर्षं आजी रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला जायची. वेदीवरची वस्त्रं तीच धुवायची. त्यांचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाच्या मुळाशी घालायचं, कारण त्यात ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर झालेल्या भाकरीचा, एखादा कण असू शकतो. लहानपणी मी ते एकदा बेसिनमध्ये ओतलं, तर आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि ज्या प्रसादाच्या कणालाही ती इतकी जपायची, तो तिनं त्रेचाळीस वर्षांत एकदाही जिभेवर घेतला नव्हता. बाकीचे प्रसादासाठी रांगेनं पुढं जायचे, ती बाकावरच बसून राहायची.

आजोबांची पहिली बायको त्यांना सोडून गेली होती, पण हयात होती. त्यामुळे चर्चच्या लेखी हे दुसरं लग्न लग्नच नव्हतं, आणि अशा संसारात राहणाऱ्याला प्रसाद घेता येत नाही. आजीनं नोंदणी कचेरीत सही केली, संसार थाटला आणि प्रसाद सोडला. तिनं ना कधी नियमाला नावं ठेवली, ना आजोबांना. आजोबांचा देवाधर्मावर विश्वास नव्हता, पण गॅरेजला जाताना ते तिला रोज चर्चच्या फाटकाशी सोडायचे. “तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग,” म्हणायचे.

मागच्या वर्षी आजोबा गेले आणि वाट मोकळी झाली. झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप होतो, एवढंच तिनं म्हणायचं होतं. आजीचं घोडं तिथंच अडलं होतं.

“बाकी सगळ्याचं वाईट वाटतं,” आतून आजी सांगत होती. “जावेशी अबोला धरला, सुनेला टोचून बोलले. पण ह्यांच्याशी संसार केला त्याचं नाही वाटत. वर गेल्यावर ह्यांना काय तोंड दाखवू?”

मला राहवलं नाही. मी सरळ आत घुसले. “आजी, म्हणून टाक ना एकदाचं! कोणाला कळणार आहे?”

“ज्याला कळायचं त्याला कळेल. खोटं बोलून घेतलेला प्रसाद घशाखाली उतरेल का गं माझ्या?”

मला तिचा भयंकर राग आला. इतकी वर्षं उपाशी राहिलेली बाई, आणि समोर ताट आल्यावर हा हट्ट! मला रडूच फुटलं.

फादर वयानं माझ्याएवढेच होते. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाले, “आजी, देवाचं मन दुखावलं असेल, तर त्याचं वाईट वाटतं?”

“वाटणार नाही तर काय? उगाच का इतकी वर्षं बाकावर बसून काढली?”

फादरांनी चष्मा काढून पुसला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षमेची प्रार्थना म्हटली. मी मेणबत्ती लावली. तेवढ्या वेळात माझी दोनदा काडी विझली.

त्यांनी डबीतून ख्रिस्तप्रसाद काढला आणि तिच्यासमोर उंच धरला. आजीनं चादरीखालचे पाय हळूच एका बाजूला ओढून घेतले, बाकावरून पुढं जाणाऱ्यांना वाट करून द्यावी तसे.

“अगं आजी,” मी तिच्या कानाशी म्हणाले, “रांगेत दुसरं कोणी नाही. तूच आहेस.”