झाड कुणाच्या बाजूचं नसतं

आमच्या घरात एक नियम आहे आणि तो मीच घातला. खेळात ज्याचं पात्र मेलं, त्याने आपला कागद चार तुकडे करून सरसाच्या शेगडीत घालायचा. सोमवारी त्याच शेगडीवर सरस शिजतो आणि त्या सरसाने दारांच्या चौकटी जोडल्या जातात. हा नियम मी का घातला, तर पात्र मेलं की लोक रडगाणं गातात. "असं नव्हतं ठरलं, फासा नीट पडला नाही, पुन्हा टाकू द्या." मी म्हटलं, चालायचं नाही. कापलेलं लाकूड पुन्हा लांब होत नाही.

हा खेळ घरात आणला माझ्या थोरल्याने. कारखाना आमचा दारं-खिडक्यांचा. खाली करवत आणि रंधे, वर माळ्यावर वाळत घातलेल्या फळ्या. रविवारी करवत बंद असली की दुपारी जेवणं आटोपून सगळ्यांनी माळ्यावर जुन्या कामाच्या टेबलाशी बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरायचं, आणि अडेल तिथे फासा टाकायचा. वीस तोंडांचा फासा त्याने काळ्या लाकडातून स्वतः घडवला होता. सगळ्यांचे कागद त्यानेच लिहिले. कोण कसा आहे, काय येतं, किती जीव शिल्लक आहे, सगळं त्याच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात.

मग दोन वर्षांपूर्वी तो गेला. तीन आठवड्यांचं दुखणं. त्यावर मी जास्त बोलणार नाही.

चार महिने माळ्यावर कुणी गेलं नाही. मग एका रविवारी थोरली सून वर जाऊन बसली आणि जिन्यावरून ओरडली, "येताय का कुणी, की मी भिंतींशीच खेळू?" तेव्हापासून गोष्ट ती सांगते. नवऱ्यापेक्षा कडक सांगते, हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. डोक्यावर चढून बसायची.

तर ज्याबद्दल सांगायचंय, त्या रविवारी आम्ही तिघं खेळत होतो. धाकटा, म्हणजे माझा दुसरा मुलगा, खाली पॉलिशचं काम बघतो. खेळात तो गवंडी. त्याचं पहिलं पात्र गेल्या वर्षी विहिरीत पडून मेलं. तो कागद थोरल्याच्या हातचा होता. धाकटा नुसता धरून बसला होता. मी हात पुढे केला, कागद घेतला आणि फाडला. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

दुसरी, माझी नात, थोरल्याची मुलगी. तेरा वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. ती बापाचंच पात्र खेळते, कंदीलवाला. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवते. कोपऱ्यात सरसाचा डाग आहे, त्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे. शाळेच्या दप्तरात नेते तो. मला ठाऊक आहे, तिला वाटतं मला ठाऊक नाही.

आणि तिसरी मी. मी वनबाई. मला झाडबोली येते, म्हणजे झाडांशी बोलण्याची जादू.

त्या दिवशी कंदीलवाल्याचा एकच जीव शिल्लक राहिला होता. एक धक्का, की तो संपला. मागे राखाडी शिकारी लागलेले, पुढे खोल दरी. दरीवर एक प्रचंड झाड आडवं पडलेलं, मुळं आमच्या काठाला, शेंडा पलीकडे. पडलेलं असलं तरी जिवंत.

"पानांवर ओला भुसा सांडलाय," सून म्हणाली.

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. आम्हाला भुसा कळतो. ओला आणि पांढरा म्हणजे नुकती करवत चाललेली.

"कुणीतरी खोड अर्धं कापून ठेवलंय," तो म्हणाला. "पाय ठेवला की खलास. वहिनी, कुठे कापलंय ते दिसतं का?"

"वरून नाही दिसत."

"मग दुसरी वाट?"

"नाही. आणि शिकारी आलेच समजा. दहा मिनिटं."

तिने वाळूचं घड्याळ उलटं करून टेबलावर ठेवलं. हेही थोरल्याचंच.

भिंगरी जागची हलत नव्हती. त्या मुलीला मी कधी इतकी स्थिर पाहिली नाही. पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं.

"आजी," ती म्हणाली, "तू झाडाला विचार."

"विचारतेच. बाजूला व्हा सगळे."

सुनेने बोट वर केलं. "आई, नियम आठवतात ना? दिवसातून एकदा. तीनच प्रश्न. झाडाला डोळे नाहीत, नावं माहीत नाहीत. जे अंगाला लागलं तेवढंच त्याला कळतं."

"अगं, मला लाकूड शिकवू नकोस. चाळीस वर्षं झाली. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुला फळीची उलटी बाजू कळत नव्हती."

"बरं," ती म्हणाली. शांतपणे. तिच्या या 'बरं'ची मला फार चीड येते.

मी टेबलावर हात आपटून विचारलं, "बाबा रे, तुला कापलं कुणी?"

सुनेने आवाज खाली नेला. झाडासाठी ती असा आवाज काढते की अंगावर काटा येतो. "कुणी म्हणजे काय? दात आले. पुढे गेले, मागे गेले. पुष्कळ वेळ. मग थांबले."

"हे काय उत्तर झालं?"

"एक प्रश्न संपला," ती आपल्या आवाजात म्हणाली.

घड्याळातली वाळू सरकत होती. धाकटा नखं खात होता. पॉलिशचा वास लागलेली नखं, आयुष्यभर सांगून थकले.

मी सरळ मुद्द्याला हात घातला. "आम्ही तिघं तुझ्यावरून जाऊ. पेलशील का?"

झाड म्हणालं, "आजवर पेललं. पुढचं मला येत नाही. मोडेन तेव्हा मोडलो हे कळेल."

"दोन संपले."

"आई!" धाकटा उठूनच उभा राहिला. "तू माणसाला विचारल्यासारखं विचारतेस! कुणी केलं, पेलशील का, म्हणे. ते झाड आहे, गिऱ्हाईक नाही!"

"खाली बस. मी विचारत नाही आता, मी सांगते. झाडा, शेंड्याने तो काठ घट्ट धर आणि पोरीला पलीकडे पोचव. माझ्या नातीचा प्रश्न आहे."

सून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा प्रश्न नाही, म्हणून मोजत नाही. पण आई, बोलता येतं म्हणजे हुकूम देता येतो असं नाही. त्याला तुमची नात आणि शिकारी सारखेच. झाड कुणाच्या बाजूचं नसतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी दुसऱ्याला म्हणते. त्या दिवशी मलाच म्हणायची वेळ आली. दोन प्रश्न पाण्यात घातले होते. अर्धी वाळू खाली गेली होती. आणि भिंगरी पाकिटातून कागद बाहेर काढत होती. फाडायची वेळ आलीच तर पाकीट मध्ये नको, म्हणून. माझीच नात ती. आजी नियम मोडणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

मी मनाशी म्हटलं, बाई, तुला लाकूड कळतं, पण मेलेलं. कापून, वाळवून, तुझ्या माळ्यावर आलेलं. जिवंत झाडाशी तू कधी बोललीस? त्याला त्याच्या घरचं विचार.

मी डोळे मिटले. हाताखाली टेबल होतं. फळी घेताना मी बोटाच्या पेराने ठोकत जाते, आवाज बदलला की आत पोकळ आहे. झाडाला ठोकणारं कोण? आतून काय फिरतं त्याच्या?

"मुळांपासून शेंड्याकडे तुझं पाणी जातं," मी म्हणाले, "ते वाटेत कुठे अडतं?"

मी डोळे उघडले. सून हातातल्या गोष्टीच्या वहीकडे बघत होती. तिचा चेहरा मऊ पडला होता.

"मुळांपासून सात पावलांवर," झाड म्हणालं. "खालच्या अंगाला. तिथून पुढे अर्धंच जातं. वरच्या अंगाने."

"खालून कापलंय!" धाकटा ओरडला. "म्हणजे भार पडला की चीर उघडणार."

"तर काय," मी म्हणाले. "तुळईचं पोट फाटलं की तुळई गेली. खालून टेकू द्यायला हवा, धीरा. सातव्या पावलाखाली काय आहे गं?"

"कपार आहे," सून हळूच म्हणाली. "एक माणूस उभा राहील एवढी."

"मग वनबाई उतरली. खांदा लावला."

"आई, मी उतरतो," धाकटा म्हणाला. "गवंडी आहे मी, ताकद जास्त."

"आणि कापलेली जागा नेमकी कुठे ते तुला कोण सांगणार? झाड माझ्याशी बोललंय. तू आधी पलीकडे जा. धीरा ताजा असतो तेव्हा जड माल चढवायचा, हे तुझ्या बापाने शिकवलं होतं."

"दर माणसाला एक फासा," सून म्हणाली. "आठ किंवा वर पडलं तर खांदा टिकला."

धाकट्यासाठी टाकला. सतरा. तो पलीकडे.

वाळू चिमूटभर उरली होती. मी फासा मुठीत घेतला. भिंगरीने डोळे घट्ट मिटले आणि कागद टेबलावर ठेवून त्यावर पालथा तळवा ठेवला.

टाकला. फासा घरंगळत गेला, टेबलाला लावलेल्या शिकंज्याच्या लोखंडाला आपटला, परत फिरला.

आठ.

भिंगरीने एक डोळा उघडला. "गेला का पलीकडे?"

"गेला," तिची आई म्हणाली.

आणि वाळू संपली.

"शिकारी काठावर आले," सून म्हणाली. "पाच जण. खोडावर चढतायत. वनबाई खाली कपारीत आहे, तिच्या खांद्यावर खोड आहे. आई, तुम्हाला लपता येईल. पंधराच्या वर पडलं तर ते तुम्हाला न बघता पलीकडे जातील."

"पलीकडे म्हणजे एक जीव उरलेल्या कंदीलवाल्याकडे."

"हो."

"आणि मी खांदा काढला तर?"

"तर खोड मोडेल. शिकारी आणि तुम्ही, सगळे दरीत." तिने फासा बाजूला सरकवला. "त्याला फासा लागत नाही."

आता माझा कागद. मी दोन यत्ता शिकलेली. वाचते ते अक्षर अक्षर जोडून, आणि लोकांसमोर वाचत नाही. थोरल्याला हे ठाऊक होतं, पण त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. माझ्या कागदावर त्याने अक्षरं कमी आणि चित्रं जास्त काढली होती. झाडबोलीसाठी कान असलेलं झाड. जीव मोजायला बारा पानं, गेलं की खोडायचं. आणि वर मधोमध नाक उंच केलेली एक बाई. "ही कोण रे?" विचारलं तर म्हणाला होता, "ओळख बघू."

"काढला खांदा," मी म्हणाले.

सुनेने खोड कसं मोडलं ते सांगितलं. मी ऐकलं नाही. मी कागद उचलला.

"आई, थांबा," सून म्हणाली. "आपण नियम बदलू. आपलाच आहे ना?"

"आई, राहू दे," धाकटाही म्हणाला. "मी काही म्हणणार नाही. खरंच."

"तू म्हणणार नाहीस," मी म्हणाले. "पण तुझ्या वेळी मी राहू दिला नव्हता."

तो खाली बघायला लागला. मला त्याची माफी मागायची होती, आणि ती मला येत नाही. म्हणून मी फाडला. उभा एकदा, आडवा एकदा. नाक उंच केलेल्या बाईच्या मधोमध फाटलं. खाली जाऊन शेगडीत घातला आणि माझ्या हाताने काडी लावली. धाकटा मागून आला होता. तो शेजारी उभा राहिला, कागद जळेपर्यंत. मग म्हणाला, "उद्याचा सरस मी शिजवतो."

वर आले तर भिंगरी आईशी वाद घालत होती.

"झाडाला आता विचारलं तर ते काय सांगेल? आजीबद्दल?"

"विचारणार कोण? झाडबोली आजीलाच येत होती."

"समज, विचारलं."

सून झाडाच्या आवाजात म्हणाली, "खालून काहीतरी टेकलेलं होतं. ते वजन नव्हतं. वजन वरून येतं."

"आणि?"

"आणि काही नाही. त्याला नाव माहीत नाही."

पोरीने कागद परत पाकिटात घातला. नाक पुसत माझ्याकडे आली आणि एक कोरा कागद समोर ठेवला. "आजी, नवीन पात्र. तू सांग, मी लिहिते."

"तू कशाला? मला हात नाहीत?"

मी कानावरची सुतारी पेन्सिल काढली. चपटी, जाड टोकाची. पहिलं अक्षर काढायलाच बराच वेळ गेला. कुणी हसलं नाही, आणि हसलं असतं तर खैर नव्हती.

"आजी," भिंगरी वाकून बघत म्हणाली, "एवढी मोठी अक्षरं काढलीस तर कागद पुरायचा नाही."

"मग दुसरा आण."